पहिल्या पानावरची दहावी ओळ

ऑक्टोबर आला की माझ्याकडे तीन याद्या असत. पहिली फराळाच्या सामानाची. दुसरी माळ्यावरून उतरवायच्या वस्तूंची: आकाशकंदील, पणत्यांची परडी, एक कान सैल झालेली मोठी कढई. तिसरी यादी घरातली नव्हती. ती पंचवीस कंपन्यांची होती. त्यांत कोण वर आणि कोण खाली हे मी ठरवत नसे, फक्त बरोबर लिहीत असे. आमचं मासिक बंद होऊन आता चार वर्षं झाली. तरी पाऊस ओसरतो, सकाळी आठलाच ऊन डोळ्यांवर येतं, गॅलरीतली तुळस दुपारी मान टाकते, आणि पहिल्या दोन याद्या लिहून झाल्या की माझा हात आपोआप तीनचा आकडा काढतो.

यंदाही काढला. त्याच दिवशी दुपारी दाराची बेल वाजली. दारात पंचविशीची एक मुलगी होती. तोंडाला बांधलेला स्कार्फ नुकताच सोडलेला, गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब.

"मॅडम, चहाबद्दल थोडे प्रश्न विचारायचे होते. वीस मिनिटं लागतील. विकायचं काही नाही."

"पंचवीस लागतात," मी म्हटलं. "या आत. आधी पाणी घ्या."

ती पाणी प्यायली, टॅब मांडीवर घेतला आणि पहिला प्रश्न वाचला. "तुम्ही किंवा घरातलं कुणी जाहिरात कंपनीत, वर्तमानपत्रात किंवा बाजार-संशोधनाच्या कामात आहे का?"

या प्रश्नाला 'हो' म्हटलं की मुलाखत तिथेच संपते. आतल्या माणसाचं मत घ्यायचं नसतं, त्याला उत्तरं आधीच ठाऊक असतात. 

"होते. आता नाही."

तिनं स्क्रीनकडे पाहिलं. "आता नाही ना? मग चालतंय."

तिच्या ओळखपत्रावरचं कंपनीचं नाव मी कधी लिहिलेलं नव्हतं. नवी कंपनी का, असं मी विचारलं. "कंपनी जुनीच हाय, मॅडम. नाव नवीन. जुन्या बायका सांगत्यात, हे तिसरं. कार्ड बदलतंय, प्रश्न तेच." मग तिनं आधीची दोन नावं सांगितली. त्यातलं सगळ्यात जुनं मात्र माझ्या हातचं होतं. ते मी वर्षानुवर्षं आठव्या ओळीत लिहिलं होतं, आणि एका वर्षी सातव्या.

ती मुलगी गेल्यावर मी तीनच्या आकड्यापुढे काही लिहिलं नाही. पण दुपारभर ते एक वर्ष डोक्यातून जाईना.

त्या वर्षी ऑक्टोबरात माझ्याकडे एकच यादी होती. श्रावणात सासूबाई गेल्या होत्या. पहिली दिवाळी, घरात काही करायचं नाही, फराळ नातेवाईक आणून देतात. कंदील माळ्यावरच राहिला. पोह्यांची, डाळ्याची, खोबऱ्याची यादी करायची नाही म्हणजे ऑक्टोबरच्या हाताला कामच उरत नाही. तो सगळा मोकळा हात त्या वर्षी तिसऱ्या यादीवर पडला. कदाचित म्हणूनच ती इतकी लख्ख आठवते.

आमचं मासिक म्हणजे नारायण पेठेतल्या एका स्टेशनरीच्या दुकानावरच्या दोन खोल्या. खालून नव्या वह्यांचा वास वर येई आणि आमच्याकडून जुन्या गठ्ठ्यांचा खाली जात असावा. बाजार-संशोधन करणाऱ्या कंपन्यांसाठी हे मासिक निघे. लोकांच्या घरी जाऊन साबण कुठला वापरता, आधीचा का सोडलात, चहा कोण आणतं, असं विचारायचं आणि त्या हजारो उत्तरांचा अर्थ लावून तो साबणवाल्यांना आणि चहावाल्यांना द्यायचा, हा त्यांचा धंदा. वर्षभराच्या उलाढालीच्या क्रमानं त्यातल्या पंचवीस कंपन्यांची यादी आम्ही दिवाळी अंकात छापत असू. फॉर्म पाठवणं, ते परत येतात की नाही पाहणं, खाडाखोड असेल तर फोन करणं आणि क्रम लावणं, हे काम माझं. फॉर्ममधलं काहीही अंक निघेपर्यंत कुणाला सांगायचं नाही हा नियमही माझाच.

पहिल्या पानावर शीर्षक आणि चौकट यांनी बरीच जागा खाल्लेली असे. उरलेल्या जागेत दहाच नावं मावत. बाकीची पंधरा मागच्या पानावर. यात कुणाचा काही हेतू नव्हता. पण मुंबईच्या एका मोठ्या साबण कंपनीच्या खरेदी खात्यानं ते पहिलं पान फाडून भिंतीवर लावलं, आणि मोठं काम निघालं की भिंतीवर असतील त्यांनाच बोलवायचं, अशी तिथं पद्धत पडली. तिचं बघून इतरांकडेही पडली. छापखान्यातल्या आमच्या जुन्या जुळाऱ्यानं कधीकाळी अक्षर थोडं बारीक धरलं असतं तर देशात मोठ्या कंपन्या दहाऐवजी बारा झाल्या असत्या.

मागच्या पानावर पहिलं नाव होतं इनामदार मॅडमच्या कंपनीचं. अकरावं. सलग सात वर्षं.

मंडईजवळ चष्म्याच्या दुकानावर त्यांचं ऑफिस होतं. त्यांच्याकडे घरोघर जाऊन मुलाखती घेणाऱ्या अडतीस बायका होत्या. कुणी पेठांतल्या, कुणी हडपसरच्या, आठ-दहा लोणी काळभोरच्या. या लोणीच्या बायकांवर देखरेख करणारी कुसुम बारावीपर्यंत शिकलेली होती, आणि कुठल्या सोसायटीचा वॉचमन कशानं विरघळतो हे तिला पाठ होतं. मॅडमची एक पद्धत होती. दर दहा मुलाखतींतल्या एका घरी दुसऱ्या दिवशी फोन जायचा. आमच्या बाई काल आल्या होत्या का, किती वेळ बसल्या, कार्ड दाखवलं का. याला त्या बॅकचेक म्हणत. बाकीच्या कंपन्याही म्हणत, पण म्हणण्यापुरतंच. मॅडमकडे एक मुलाखत जरी झाडाखाली बसून भरलेली सापडली तर त्या बाईचा अख्खा आठवड्याचा गठ्ठा बाद होई, आणि तो पुन्हा करायला मॅडम स्वतः तिच्यासोबत जात. यात वेळ जाई, म्हणून काम कमी होई, म्हणून त्या अकराव्या. हे त्यांना ठाऊक होतं.

"आपण पानामागच्या," कुसुम म्हणायची. "सोयरीक बघायला आल्यावर घरातली काळी पोरगी आत ठेवत्यात, तसं."

त्या वर्षी मार्च संपता संपता यादीतली चार नंबरची कंपनी आणि सहा नंबरची कंपनी एक झाल्या. बातमी आली तेव्हा आमचे संपादक, ज्यांना सगळे नाना म्हणत, चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "वसुधाबाई, आता चार अधिक सहा किती?"

"दोन," मी म्हटलं.

नाना दिवसभर ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते. पण खरंच तसं होतं. दोघींची उलाढाल मिळवून त्या दुसऱ्या ओळीत जात होत्या. अगदी सरळ बेरीज नव्हे. चार नंबरनं सहा नंबरला दिलेलं काम आता घरातल्या घरात दिलेलं झालं, ते वजा करावं लागलं. तरीही दुसरी ओळ पक्की. ऑक्टोबर लागून बाकीचे फॉर्म आले तेव्हा मी कोऱ्या कागदावर जुनी यादी लिहिली, शेजारी नवी. आधीची दुसरी आता तिसरी. आधीची तिसरी आता चौथी. त्यांनी वर्षभर कमी काम केलं होतं असं नाही, उलट तिसरीनं मागच्या वर्षीपेक्षा बरंच जास्त केलं होतं. पाचवी जिथल्या तिथे, जणू तिच्या अंगावरून काही गेलंच नाही. आणि सातवीपासून खाली सगळ्या एकेक पायरी वर. सातवी सहावी, आठवी सातवी. अगदी शेवटी अकरावी दहावी.

इनामदार मॅडम पहिल्या पानावर.

मी पेन्सिल खाली ठेवली आणि कागदाकडे बघत राहिले. वर गेलेल्या एकाही कंपनीनं वर जाण्यासाठी काही केलं नव्हतं. वरून एक नाव कमी झालं होतं, एवढंच. तरी अंक निघाल्यावर त्यांतले बरेच जण पेढे वाटणार, जाहिरातीत 'आता सहावे' असं छापणार, हे मला अनुभवानं माहीत होतं. हसू आलं, मग तितकंसं आलं नाही. कारण तेराव्याच्या दिवशी पंगत उठल्यावर माझी धाकटी जाऊ माझ्या हातात देवघराच्या कपाटाची किल्ली ठेवून म्हणाली होती, "आता घरात मोठ्या तुम्हीच, वहिनी." मी काय केलं होतं मोठी व्हायला? वरची ओळ रिकामी झाली, म्हणून मी सरकले. त्या किल्लीनं मला आजही थोडं अवघडल्यासारखं होतं. सासूबाईंना सणावारांचं सगळं तोंडपाठ होतं. मला वही लागते.

खंडेनवमीच्या सकाळी मंडईत गेले होते. घरात सण नसला तरी भाजी लागतेच. बाहेर झेंडूचे ढीग लागले होते, पिवळे एकीकडे, नारिंगी दुसरीकडे, आणि मधल्या अरुंद वाटेनं लोक पिशव्या डोक्यावर धरून चालले होते. सीताफळांच्या पाट्यांवर ऊन आलं होतं आणि तो गोड, जरासा आंबूस वास सगळ्या फुलांना पुरून उरत होता. तिथं इनामदार मॅडम भेटल्या. सोबत कुसुम. दसऱ्याला त्यांच्या ऑफिसात अडतीस पॅडं ओळीनं मांडून त्यांची पूजा होई. पॅडं म्हणजे प्रश्नावली लावून लिहायच्या चापाच्या पाट्या, तेव्हा टॅब नव्हते. त्यासाठी फुलं घेत होत्या.

"पॅडांची कसली पूजा," कुसुम मला म्हणाली. "चपलांची कराय पायजे. खरं काम त्याच करत्यात." आणि लगेच, "बाई, औंदा आमी पैल्या पानावर का?"

"अंक निघाला की कळेल."

"बघा ताई. आमी लोकांच्या न्हाणीघरातल्या साबणापर्यंत पोचतो, आन् या बाईंच्या तोंडातनं एक नंबर निघंना."

"तिला विचारू नकोस," मॅडम म्हणाल्या. "ती नवऱ्याला भाजीचा भावसुद्धा सांगत नसेल."

मग कुसुमनंच सांगितलं. आठ नंबरच्या कंपनीची माणसं मॅडमकडे दोनदा येऊन गेली होती. कंपनी विकत मागत होती. पाडव्यापर्यंत हो की नाही सांगायचं होतं. "पर आता कशाला इकायची? पैल्या पानावर आल्यावर मोठी कामं आपसूक येत्याल. होय का न्हाई, ताई?"

मॅडम एकेक फूल दाबून बघत होत्या. त्या न बोलण्याचा अर्थ मी 'हो' असा लावला. मॅडम विकणार नाहीत. सात वर्षं पानामागे राहिलेलं माणूस पुढच्या पानावर आल्याच्या वर्षीच दुकान का आवरेल?

चारच दिवसांनी एक झालेल्या त्या दोन कंपन्यांचा एकत्र फॉर्म आला. फॉर्ममध्ये एक साधा प्रश्न असे, घरोघरचं काम स्वतः करता की बाहेरून करून घेता. सहा नंबर पुण्यातलं सगळं काम वर्षानुवर्षं इनामदार मॅडमकडून करून घेई. मॅडमचं निम्म्याहून जास्त काम तेच होतं. चार नंबरची मात्र पुण्यात स्वतःची माणसं होती. आता एकत्र फॉर्ममध्ये त्या प्रश्नापुढे टाइप केलेलं होतं: यापुढे पुण्यात स्वतः.

मी ते तीनदा वाचलं. ज्या जोडणीनं मॅडम अकराव्याच्या दहाव्या झाल्या होत्या, त्याच जोडणीनं त्यांच्या पायाखालचं निम्मं काम काढून घेतलं होतं. यादी मागच्या मार्चपर्यंतचं सांगते. तेव्हा काम होतं, म्हणून दहावा क्रमांक खरा होता. पण तो छापून येईल तेव्हा त्याच्या आत काही उरलेलं नसेल. आणि कुसुम म्हणते तशा भरवशावर मॅडमनी आठ नंबरला नाही म्हटलं, तर संक्रांतीपर्यंत अडतीस बायका घरी बसतील.

एकवीस वर्षांत मी फॉर्ममधलं अक्षर बाहेर सांगितलं नव्हतं. लोक आकडे खरे देत, कारण ते माझ्या टेबलाच्या पलीकडे जात नाहीत असा त्यांचा विश्वास होता. तो विश्वास गेला की यादी म्हणजे नुसती पंचवीस नावं. दोन दिवस मी स्वतःला हे समजावलं. तिसऱ्या दिवशी भर दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, चालत निघाले. लक्ष्मी रस्त्यावर दिवाळीच्या खरेदीची गर्दी होती. प्रत्येकाच्या हातात पिशवी, माझ्याच हातात काही नाही. वाटेत मी एक वाक्य तयार केलं होतं. ते घोकत जिना चढले.

ऑफिसात मॅडम एकट्याच होत्या. पॅडं भिंतीशी रचून ठेवलेली, वरच्या पॅडवर सुकलेल्या झेंडूचं एक फूल तसंच.

"मॅडम, सहा नंबरच्या फॉर्ममध्ये..."

"थांब." त्यांनी हात वर केला. "पुढचं बोलू नकोस. बोललीस तर पुढच्या वर्षी तुझ्या यादीवर माझाच विश्वास राहणार नाही. बस. पाणी घे."

मी बसले. एवढ्या दोन दिवसांचं धैर्य अर्ध्या वाक्यात संपलं होतं.

"फॉर्म तू वाचतेस," त्या म्हणाल्या, "काम मी करते. ऑगस्टपासून सहा नंबरकडून एक नवी प्रश्नावली आलेली नाही. मला कळायला तुझा फॉर्म कशाला लागतोय?"

"मग कुसुम त्या दिवशी म्हणत होती..."

"कुसुमला दसऱ्याच्या आदल्या दिवशी फुलं घेताना सांगू? तिनं पॅडांची पूजाच केली नसती." चष्मा काढून त्या पदरानं पुसू लागल्या. "हे बघ वसुधा. कंपनी मी विकणारच आहे. आठ नंबरला माझे ग्राहक हवेत. बायका नकोत. बायका म्हणे आम्ही लागतील तशा बाहेरून घेऊ. अकरा नंबरची कंपनी घेताना ते असं बोलू शकतात. पण त्यांना ग्राहकांपुढे जाऊन सांगायचंय की आम्ही पहिल्या दहांतली कंपनी घेतली. त्या सांगण्याची किंमत म्हणून मी दोन गोष्टी मागितल्यात. अडतीसच्या अडतीस बायका, त्यांच्या झालेल्या वर्षांसकट. आणि दहातल्या एका घरी फोन. तो बंद करायचा नाही."

"आणि ते तयार आहेत?"

"छापलेलं पान दाखवा म्हणतात. तोंडचं चालत नाही. बरोबर आहे त्यांचं, मीही चालवून घेतलं नसतं." चष्मा त्यांनी परत घातला. "तो नंबर किती दिवस खरा आहे ते मला माहीत आहे. पुढच्या यादीपर्यंत. त्यातही लोकांना माझं काम थांबल्याचं कळेपर्यंतच. तू मला काही सांगू नकोस. मी कितवी तेही नको. फक्त अंक वेळेवर काढ. पाडव्याच्या आत."

मी हो म्हटलं आणि उतरले. अंक वेळेवर काढण्यात विशेष ते काय? एकवीस वर्षं वसुबारसेला अंक निघत होता.

परत आले तर नाना फोनवर होते. फोन ठेवून म्हणाले, "वसुधाबाई, यादी थांबवा. अंक दिवाळीनंतर काढू."

एक झालेल्या कंपनीचं नवं नाव अजून ठरलं नव्हतं. ते ठरेपर्यंत यादी छापू नये अशी त्यांची इच्छा होती, आणि अंकाच्या मागच्या मुखपृष्ठावर जाहिरात त्यांचीच होती.

"दिवाळी अंक दिवाळीनंतर?"

"तुळशीच्या लग्नापर्यंत दिवाळीच असते," नाना म्हणाले. "लोकांचे अंक त्याहून उशिरा येतात. आपलं कुणाचं काय अडलंय?"

अडलं होतं, पण ते सांगायची मुभा मला नव्हती. मी माझ्या टेबलाशी आले. वहीच्या कोऱ्या पानावर लिहून काढलं, कुणाला काय हवंय. नानांना जाहिरात हवी. त्या कंपनीला नवं नाव हवं. मग त्याच्या खाली लिहिलं, नवं नाव कशाला हवं? मिरवायला. आणि मिरवायचं कधी? मी त्यांच्या मुंबईच्या ऑफिसला फोन लावला. यादीचं काम बघणारा एक तरुण होता, त्यानं उचलला.

"मॅम, नेम अजून फायनल नाहीये. ब्रँडिंगची टीम बसलीय त्यावर. तोपर्यंत लिस्ट होल्ड करा ना प्लीज."

"बारसं झालं नाही म्हणून जन्माची नोंद थांबत नाही," मी म्हटलं. "दिवाळीत तुमचे साहेब ग्राहकांना भेटायला जाणार असतील ना?"

"ऑफकोर्स, मॅम. सगळ्या क्लायंट्सकडे."

"मग त्यांच्या हातात काय असेल? आमचा अंक असला तर त्यात तुम्ही दुसरे. नसला तर मागच्या वर्षीचा अंक प्रत्येकाकडे आहेच. त्यात तुम्ही चौथे आणि सहावे."

त्यानं शेजारच्या कुणाला तरी हळूच काही विचारलं. मग, "मॅम, नाव काय टाकणार?"

"दोन्ही जुनी नावं, मध्ये आडवी रेघ."

दहा मिनिटांत त्याचा उलट फोन आला. रेघ जरा जाड टाका, एवढीच विनंती होती.

अंक वसुबारसेला निघाला. छापखान्यातून गठ्ठे आले, दोरी कापली, पहिला अंक उघडला. शाईचा वास आणि पंख्याच्या वाऱ्यानं फडफडणारं ते पान. दुसऱ्या ओळीत जाड रेघ. दहाव्या ओळीत इनामदार मॅडम. मी पान उलटलं. मागच्या पानावर आता पहिले होते नागपूरचे एक गृहस्थ, नव्यानं अकरावे झालेले. मॅडमना मी फोन केला नाही, शिपायाच्या हाती नेहमीसारखा एक अंक पाठवला, पावती घेतली.

पाडव्याच्या दिवशी दुपारी कुसुम घरी आली. हातात स्टीलचा डबा. "ताईंनी धाडलाय फराळ. तुमच्याकडं औंदा करायचं न्हाई म्हणून. इकतचा हाय, बरं का. ताईला करंजी येत न्हाई." डबा ओट्यावर ठेवून ती खुर्चीवर टेकली. तिच्या डोळ्यांकडे बघून मला कळलं की तिला सगळं कळलंय.

"अडतीसच्या अडतीस," ती म्हणाली. "सही झाली सकाळी. ताईंनी पान पुढं ठेवलं, त्या सायबांनी दोनदा वाचलं, चष्मा लावून. फोनचा खर्च कशाला म्हणत हुते. ताई म्हणाल्या, मग पान परत द्या." मग म्हणाली, "पर ताई न्हाई येणार आमच्यासंगं. सोताची खुर्ची न्हाई मागितली त्यांनी. इचारलं तर म्हणाल्या, यादीत एवढंच मावत हुतं."

मी डबा उघडला. करंज्या, शंकरपाळी, चिवड्यावर तेलकट कागद. डबा रिकामा परत द्यायचा नसतो, आणि त्या दिवाळीत त्यात घालायला माझ्याकडे काही नव्हतं. शेवटी साखर घातली.

पुढच्या वर्षी ऑक्टोबरात तिन्ही याद्या परत सुरू झाल्या. तिसरी करताना मी दहाव्या ओळीवर पेन्सिलीनं रेघ मारली आणि बाजूला लिहिलं, विलीन. खोडरबर मी कधी वापरत नसे. रेघेखालचं नाव वाचता आलं पाहिजे. आठ नंबर, जी सातवी झाली होती, ती मॅडमचं काम मिळवून आणखी एक पायरी वर गेली. अंक निघाल्यावर पहिला फोन नागपूरच्या गृहस्थांचा. "मॅडम, आम्ही पहिल्या पानावर आलो नं! एवढ्या वर्षांच्या मेहनतीचं फळ आहे हो." मी त्यांचं अभिनंदन केलं. त्यांनी मेहनत केलीच होती. ती ओळ रिकामी कशी झाली हे सांगायची जागा अभिनंदनाच्या फोनवर नसते.

मॅडमचं पुढं फार काही झालं नाही, म्हणजे जसं निवृत्त माणसांचं होतं तसं झालं. मंडईत दिसायच्या. दोन-तीनदा यादीचा विषय निघाला तेव्हा म्हणाल्या, "आता मला एकच नंबर माहीत आहे, बँकेतल्या टोकनचा." मागच्या वर्षी त्या गेल्या. आठ नंबर त्याआधीच तिसऱ्याच कुणामध्ये मिसळली होती, ती कंपनीही पुढं आणखी कुणाची झाली. आमचं मासिक मिटलं त्यालाही बहुधा हेच कारण. पंचवीस नावं भरायलाच जमेनात. शेवटच्या वर्षी नाना म्हणाले होते, "आता दहाच छापा. मागचं पान जाहिरातीला." मी छापली नाहीत. एकोणीस मिळाली, एकोणीस छापली.

एवढं सगळं त्या चहाच्या प्रश्नांनी काढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दळण आणायला निघत होते, तेवढ्यात फोन वाजला. अनोळखी नंबर. पलीकडून कागदावरचं वाचावं तसा बाईचा आवाज.

"नमस्कार. काल आपल्याकडे आमच्या कंपनीतर्फे मुलाखत घेण्यासाठी कुणी आलं होतं का?"

मी पिशवी खाली ठेवली.

"आल्या होत्या."

"साधारण किती वेळ बसल्या होत्या?"

"पंचवीस मिनिटं."

"ओळखपत्र दाखवलं होतं का?"

"दाखवलं होतं. मी वाचलं."

"आपण किंवा घरातलं कुणी जाहिरात किंवा बाजार-संशोधनात आहे का, हा प्रश्न त्यांनी विचारला होता का?"

"पहिलाच विचारला."

"बरं." पलीकडे काहीतरी टिपल्याचा आवाज झाला. मग वाचण्याचा सूर सुटला आणि आवाज ओळखीचा झाला, कुसुमचा. "पोरगी नवीन हाय, म्हणून जरा जास्त इचारलं. राग मानू नका, बाई. आमच्याकडं दहातल्या एका घरी फोन करायचाच असतो. आमच्या ताईंनी घातलेली रीत हाय."

माझं नाव सांगावं असं मनात आलं. पण ज्याच्या घरी बॅकचेक असतो त्यानं विचारलं तेवढंच सांगायचं असतं, आणि तिचे अजून बऱ्याच घरांचे फोन बाकी असतील.

"असू दे," मी म्हटलं. "फोन केलात हे बरं केलंत."

फोन ठेवला. वहीत तीनचा आकडा तसाच होता. त्याच्यापुढे मी 'अडतीस' लिहिलं, आणि दळण आणायला गेले.